पालखीचा कल

त्या वर्षी देवाच्याच कामानं मला रडकुंडीला आणलं होतं. मार्गासनीच्या पुढं आमचं गाव, घरात पिढीजात सुतारकी. भैरवनाथाची जुनी पालखी किडीनं खाल्ली, तेव्हा नवी करायचं काम गावानं मोठ्या विश्वासानं माझ्यावर सोपवलं. पालखी झालीही देखणी. पण दांडी लाकडी घोड्यांवर चढवून खाली कड्यांना बैठक टांगली, की ती डावीकडे कलायची. यात्रा उद्यावर आलेली. कललेली पालखी निघाली, तर देवाचा कोप म्हणून गाव धास्तावणार, आणि वाडवडिलांनी राखलेला देवाच्या कामाचा मान माझ्या हातून जाणार.

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? कड्या बदलल्या, बैठक सोडवून पुन्हा बांधली, दांडी रंधून घेतली. आणखी रंधा फिरवला असता तर दांडीच मोडायची. जेवणावरची वासना उडाली. बायको म्हणाली, "अवं, जरा पाठ तरी टेका," तर बिचारीवर उगाच खेकसलो. नाथाला माझ्या हातचं काम नकोच आहे, असं मनानं घेतलं होतं.

शेवटी भर दुपारी देवळात, टांगलेल्या पालखीपुढं मी हात टेकले. गाभाऱ्याकडं बघून म्हणालो, "नाथा, माज्याच्यानं न्हाई हुत. तुजं तू बघ." भक्तीनं म्हणालो असं कशाला सांगू? वैतागून म्हणालो. इतका थकलो होतो, की खांबाला टेकल्या टेकल्या डोळा लागला.

जाग आली ती कुणाच्या तरी पुटपुटण्यानं. डोंगरावरच्या वाडीची एक धनगरीण पालखीपुढं हात जोडून उभी होती आणि पालखीत तिचं तान्हं बाळ झोपलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्या पालखीत देवाआधी काही ठेवायचं नाही, साधा नारळसुद्धा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. तो पाळत मी पालखी रिकामीच टांगून बघत आलो होतो.

"बाई, देव बसायचाय अजून. उचल पोराला," मी म्हणालो.

ती गांगरली. "दादा, मला वाटलं देव बसलाय. लेकीचा ताप उतरला तर तिला पालखीत घालीन, आसं बोलले होते. चुकलं माजं."

मी रागानं पुढं झालो आणि तिथंच थबकलो. पालखी कललेली नव्हती. पोरीच्या भारानं कड्या ताणल्या जाऊन जागच्या जागी बसल्या होत्या, बैठक अगदी समतल झाली होती. मला रडूच आलं.

तेवढ्यात गुरव आले. रिवाज मोडल्याचं मी त्यांना भीत भीत सांगितलं. झोपलेल्या पोरीकडं बघत ते म्हणाले, "मोडला कुठं? नाथच आदी यिऊन बसला, आसं समजा." दुसऱ्या दिवशी त्यांनी नाथाचा जड मुखवटा आत ठेवला आणि पालखी सबंध गावातून सरळ फिरली.

लोकांनी माझ्या कसबाचं कौतुक केलं. ऐकताना मला ओशाळल्यासारखं होत होतं. पालखी सावरली तेव्हा मी झोपलो होतो. ती बाई पुन्हा कधी दिसली नाही. तिची लेक सुखात असो. आजही काम अडतं, जीव मेटाकुटीला येतो. तेव्हा मी हत्यार खाली ठेवून नाथापुढं बसतो. कधी वाट सुचते, कधी नाही, पण पहिल्यासारखी चिडचिड होत नाही. पालखीत जो बसायचा, त्यालाच बाहेर ठेवून मी तिचा तोल साधायला निघालो होतो.