सरांची मांदियाळी

गर्दीची पारख करणारा आमच्या सरांसारखा माणूस अख्ख्या वऱ्हाडात मिळायचा नाही. राजापेठेत आमचं फुलांचं दुकान. मराठी शिकवून निवृत्त झालेले सर रोज संध्याकाळी देवाच्या हाराच्या निमित्तानं यायचे आणि चहा संपला तरी हलायचे नाहीत. कुणी नुसतं ‘गर्दी’ म्हटलं की त्यांना ठेच लागल्यासारखं व्हायचं. शिकवणीतून पोरं सुटतात तो लोंढा, भांडणाभोवती जमतो तो घोळका. दसऱ्याला झेंडूसाठी लोक आमच्यावर तुटून पडले, तर हे मधोमध हात वर करून उभे! “पाहून घे पोरी, हिले झुंबड म्हणतात. सगळ्यांचा डोळा वस्तूवर, माणसावर कोणाचाच नाही.” आई ओरडली, “सर, झुंबड राहू द्या, पायाखालची शेवंती पाहा!”

‘मांदियाळी’ हा शब्द मात्र ते देव्हाऱ्यातल्या चांदीच्या वाटीसारखा जपत. संतांनी तो भक्तांच्या मेळ्यासाठी वापरला, म्हणून पेपरात ‘नेत्यांची मांदियाळी’ छापून आलं की पेनानं खोडत. तोच पेपर मग आम्ही फुलं बांधायला घेत असू. स्वतःच्या मुलीच्या लग्नात व्याही कौतुकानं म्हणाले, “केवढी मांदियाळी जमली!” तर हे म्हणतात, “पंगत उठल्यावर किती थांबतीन ते पाहू, मंग बोलू.” व्याही अजून जपूनच बोलतात.

माझी शाळा आठवीतच सुटली, तेव्हापासून दुकानातल्या स्टुलावर मीच बसायची. तरी सर मला शब्द असे समजावत, जणू उद्या माझी परीक्षाच आहे. एकदा विचारलं, “मग मांदियाळी म्हणजे नेमकं काय, सर?” हार पिशवीत ठेवत म्हणाले, “जिथं एक जण आला नाही तर बाकीच्यांले करमत नाही, ते.”

“तुम्ही पाहिली कधी?”

“पाहूनच राहिलो अजून.”

आता मी सुरतेला साड्यांना खडे लावते. कारखाना सुटला की बायांचा लोंढा रस्त्यावर येतो, त्यात मीही. आणि रोज तीच धास्ती, आपण यात नसलो तर कुणाच्या लक्षात तरी येईल का? परवा दुपारच्या सुटीत आईला फोनवर सहज विचारलं, सर येतात का. “येतात ना वं. पन बसत नाहीत आता. तुह्या स्टुलाकडे पाहतात, हार घेतात अन् म्हनतात, वहिनी, आपली मांदियाळी मोडली.”

संध्याकाळी कारखाना सुटला. सगळ्या धावत होत्या. मी त्या लोंढ्यात पहिल्यांदाच सावकाश चालले.