विलो फोर्कची एकुलती एक डेमोक्रॅट

एमिल ह्रुष्का गेला तेव्हा विलो फोर्कमधली अर्धी माणसं त्याच्यासाठी हळहळली आणि उरलेली मतदान केंद्रासाठी. एमिल गावातला शेवटचा डेमोक्रॅट होता. काउंटीचा नियम असा, की मतदानाच्या टेबलाशी दोन्ही पक्षांचा एकेक माणूस बसलाच पाहिजे. एकाच पक्षाचे दोघे बसले तर लबाडी होईल, ही कायद्याची भीती. कुठल्याच पक्षाचा नसलेला माणूस बसला तर काय होईल, याचा विचार कायद्याने केला नव्हता; तसला माणूस त्याच्या लेखी अजून जन्मायचा होता.

काउंटीच्या ऑफिसातून फोन आला तो व्हर्ना कुबिचेकला. डेमोक्रॅट मिळाला तर ठीक, नाहीतर यंदापासून गावाने मतदानाला काउंटीच्या ठिकाणी यावं. म्हणजे तासभर गाडी हाकायची, तीही नोव्हेंबरच्या वाऱ्यात. आणि गावातली निम्मी मंडळी तर डॉक्टरकडेसुद्धा एवढ्या लांब जायला राजी नसत. शिवाय फोनवरच्या बाई म्हणाल्या, मोजणीवरून एक जरी तक्रार आली तरी केंद्र कायमचं बंद.

व्हर्नाचे हात कणकेत होते. "बरं," एवढंच म्हणून तिने खांद्यावरचा फोन हनुवटीने ढकलला. केस काळे होते तेव्हापासून ती त्या टेबलाशी एमिलच्या समोर, रिपब्लिकनांच्या खुर्चीत बसत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला तिने नवऱ्याला सांगितलं, "लेन, यंदा माझ्या खुर्चीत तू बस. मी एमिलच्या बसते."

"एमिलच्या खुर्चीत डेमोक्रॅट बसतो."

"तेच म्हणतेय मी."

लेनने कॉफीचा कप उचलला, विचार केला आणि खाली ठेवला. "चर्चमध्ये काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही. त्यांना कळायला आपली गरज कधी लागलीय?"

लागली नाही. ती मतदारयादीतली आपल्या पक्षाची नोंद बदलून परत आली तेव्हा पशुखाद्याच्या दुकानातली मंडळी काचेतून तिच्या गाडीकडे बघत होती. गाडी जुनीच होती, पण त्या दिवशी तिच्यात काहीतरी संशयास्पद दिसलं म्हणतात.

त्यानंतर व्हर्नाच्या लक्षात एक गोष्ट येत गेली. तिने काहीही केलं तरी ते आधीसारखं राहत नव्हतं. मतदानाच्या दिवशी ती टेबलावर कोलाचे ठेवायची. मधोमध खसखस नाहीतर आलुबुखार भरलेल्या त्या गोल पावांसाठी काहीजण मत द्यायला दोनदा येऊ बघत. गावाच्या मते तो पाहुणचार होता. डेमोक्रॅट पक्षाचा काउंटीतला अध्यक्ष मात्र दर वेळी न चुकता तक्रार करायचा, की मतदारांना खाऊ घालणं ही सरळसरळ लाच आहे. आता त्याचाच फोन आला. खेड्यांतला हा जिव्हाळाच लोकशाहीचा प्राण आहे, असं तो म्हणाला आणि आलुबुखाराचे जरा जास्त करा, असंही म्हणाला. इकडे दुकानात त्याच आठवड्यात कुणीतरी लाचेचा शोध लावला. भट्टी तीच होती, खसखस त्याच डब्यातली.

बहिणीचा मुलगा ड्वेन पोस्पिशिल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला तो टोपी न काढता. तो यंदा रिपब्लिकनांकडून काउंटी आयुक्तपदाला उभा होता.

"मावशी, हे काय करून बसलीस?"

"बस. खसखशीचा घे."

"मी उभा राहतो आणि माझी सख्खी मावशी समोरच्या बाजूला?"

"टेबल तेच आहे रे. मी फक्त खुर्ची बदललीय."

"लोक म्हणतात, तू त्यांची माणसं घुसवशील."

"त्यांची माणसं आहेत कुठे? एक एमिल होता, त्याला तूच खांदा दिलास."

ड्वेनने एक उचलला. "मत कुणाला देणार?"

"ते तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही."

"आणि हे त्या दिवशी टेबलावर ठेवू नकोस. बरं दिसत नाही."

"गेल्या वेळी डिश तूच चाटून पुसून ठेवलीस."

"गेल्या वेळी तू आपल्यात होतीस," ड्वेन म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं नसावं. जाताना त्याने आणखी दोन खिशात टाकले.

व्हर्नाला खरी काळजी होती ती गोलांची. मतपत्रिकेवर नावापुढचा चौकोन भरायचा असतो. पण विलो फोर्कच्या जुन्या माणसांचा हात गुरांच्या लिलावात तयार झालेला. लिलावाच्या छापील यादीत जो बैल घ्यायचा त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. तिथे बैल, इथे उमेदवार, एवढाच काय तो फरक. अशी मतं धरायची की नाही, हे काउंटीने हजर असलेल्यांवर सोडलं होतं. व्हर्ना आणि एमिल यांनी फार पूर्वीच एक पद्धत घालून घेतली: गोलांचं काय करायचं ते पेटी उघडायच्या आधी, सगळ्यांदेखत, मोठ्याने बोलायचं. पेटी उघडल्यावर नियम आठवायला बसलं की तो सोयीचाच आठवतो, असं एमिल म्हणे. एका वर्षी 'गोल नकोत' असं ठरलं आणि त्यात एमिलचा चुलतभाऊ पडला. एमिलने निकालावर सही केली, गार कॉफी संपवली आणि चुलतभावाला घरी सोडायला गेला. वाटेत दोघं काय बोलले ते कुणाला माहीत नाही. व्हर्ना मात्र ती सही विसरली नव्हती.

मतदानाच्या संध्याकाळी केंद्राच्या हॉलमध्ये चौघंच उरले. टेबलाशी व्हर्ना आणि लेन, समोर ड्वेन आणि त्याची प्रतिस्पर्धी डॉक्टर जोअ‍ॅन व्हिटकर. ती शेजारच्या गावातली गुरांची डॉक्टर, डेमोक्रॅट. रात्री-बेरात्री अडलेल्या गायी सोडवून तिने काउंटीत नाव कमावलं होतं. बाकीच्या गावांचे आकडे फोनवर येऊन गेले होते. दोघं जवळजवळ बरोबरीत. आता जे काही होतं ते विलो फोर्कच्या पेटीत.

"गोलांचं बोला," व्हर्ना म्हणाली.

"नकोत," ड्वेन म्हणाला. "चौकोन भरला तरच मत. कायदा म्हणजे कायदा."

"मलाही तेच वाटतं," डॉक्टर म्हणाली.

ड्वेनने तिच्याकडे बघितलं. "तुला का वाटतं?"

"तुला का वाटलं?"

तो थोडा वेळ छताकडे बघत हिशेब करत बसला. "मग धरा. म्हाताऱ्यांचा मान ठेवायला हवा."

"मग नकोत," डॉक्टर म्हणाली. "शिस्त नको का काही?"

व्हर्नाने कोलाचेचा एक तुकडा तोडला. "होऊ दे तुमचं. पेटीला घाई नाही."

"मला आहे," लेन म्हणाला. "घरी रस्सा गार होतोय."

आणखी दोनदा उलटापालट झाली. शेवटी व्हर्नाने हात झटकले. "ड्वेन, तुझ्या आजोबांनी लिलावाच्या यादीत बैलाभोवती गोल काढला असता, आणि कुणी म्हणालं असतं की हा बैल तुम्हाला नको होता, तर?"

"आजोबांनी त्याला कुंपणावर वाळत घातला असता."

"का?"

ड्वेनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कारण हवा होता म्हणूनच गोल काढला ना."

"डॉक्टर?"

"माझं काही म्हणणं नाही. धरा."

"असं पुटपुटून नाही. मोठ्याने, नावासकट."

दोघांनी शाळेतल्यासारखं उभं राहून सांगितलं: गोल धरायचे, कुणाच्याही नावाभोवती असोत. मग व्हर्नाने पेटीचं सील तोडलं.

चौकोनांत ड्वेन थोडा पुढे होता. गोल काढणारी जुनी माणसं मात्र गायींच्या डॉक्टरला विसरली नव्हती. शेवटची पत्रिका ठेवली तेव्हा ड्वेन मोजक्या मतांनी हरला होता. ती सगळी गोलांतली होती.

ड्वेन पत्रिकांवर वाकला. त्याने तोंड उघडलं आणि व्हर्नाला फोनवरच्या बाई आठवल्या; एक तक्रार, की हा हॉल पुढच्या नोव्हेंबरात कुलूपबंद.

"मावशी, यातला हा एक गोल जरा..."

"जरा काय?"

"वाकडा आहे."

"म्हातारा हात आहे तो. तुझाही होईल."

त्याने त्या वाकड्या गोलावरून बोट फिरवलं. मग पेन मागितलं. निकालावर सही केली ती आपल्या नेहमीच्या ऐटीतच. डॉक्टरशी हात मिळवला आणि म्हणाला, "माझी तांबडी गाय पुढच्या महिन्यात विणार आहे. आता तू यायची नाहीस."

"येईन की. आयुक्त काय रात्री झोपतात?"

दुसऱ्या दिवशी डेमोक्रॅट अध्यक्षाने फोन करून 'आपल्या विजयाबद्दल' व्हर्नाचं अभिनंदन केलं आणि गोलांचा नियम किती उदात्त आहे ते सांगितलं. "तुमचा विजय. मी नुसतं मोजलं," म्हणून तिने फोन ठेवला. दुकानात तोच नियम रद्द करायची मागणी चालली होती, असं लेनने जेवताना सांगितलं. पण ड्वेन तिथे होता आणि म्हणाला, गोल धरा असं मीच बोललो होतो, आता गप्प बसा. व्हर्नाने लेनला पुन्हा सांगायला लावलं. वाढायचं विसरून ती ऐकत राहिली.

वसंतात शाळेच्या मंडळाची निवडणूक आली आणि ड्वेन पुन्हा दारात उभा राहिला. टोपी हातात.

"मावशी, यंदा एमिलची खुर्ची मला दे. तू तुझ्या जागी जा."

"तुझे लोक काय म्हणतील?"

"मी घुसलोय म्हणतील."

"घुसशील?"

"खसखशीचे असतील तर बघतो."

तेव्हापासून विलो फोर्कमध्ये डेमोक्रॅट पाळीपाळीने होतात, चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढतात तसे. काउंटीच्या ठिकाणी लोक हसतात. गावाला त्याचं काही वाटत नाही. केंद्र उघडं आहे. त्या वसंतात व्हर्ना आपल्या जुन्या खुर्चीत बसली. समोर ड्वेन, त्याच्या पाठीशी एमिल टेकायला घेई ती उशी. तिने सीलला हात घालण्याआधीच तो खाकरला आणि उभा राहिला.

"थांब, मावशी," तो म्हणाला. "आधी गोलांचं बोलू."