स्कूटरवरून मुलगी बघायला

घराण्यातला पहिला पदवीधर मुलगी बघायला मोटारीतूनच गेला पाहिजे, असं मामांचं मत होतं. मोटार त्यांचीच होती. पण लग्नानंतर घरात जी गाडी दिसणार तीच आधी दिसू दे, म्हणून मी वडिलांची जुनी स्कूटर काढली आणि मामांना मागे बसवून कुंभारीला नेलं.

पोहे झाल्यावर मुलीच्या वडिलांनी विचारलं, "नवी गाडी कधी घेणार?"

"ही चालायची थांबली की."

स्कूटरने लगेच माझं म्हणणं मनावर घेतलं. निघताना वीस किका मारल्या तरी ढिम्म. मग नेहमीप्रमाणे ती आडवी केली. सगळी गल्ली बघायला जमली.

"पावणं, गाडीला भोवळ आली काय?" एक म्हातारी म्हणाली.

अशा वेळी पदवी फार उपयोगी पडते, घाम पुसायला.

तेवढ्यात दारातून मुलगीच ओरडली, "अहो, चोक बंद करा की! पेट्रोल लई झालंय."

चोक बंद केला आणि गाडी सुरू झाली.

"गेलं हे स्थळ," धुरात खोकत मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी होकार आला. सोबत मुलीचा निरोप होता, की गाडी विकू नका, तिच्यात काही बिघाड नाही. चालवणाऱ्याचं मी बघते.