सरकारला घातलेलं गाऱ्हाणं

मंडळी, आज सकाळी टीव्हीवर परदेशातले कार्यकर्ते तिथल्या सरकारला विनवत होते, मोर्चासाठी सीमा उघडा म्हणून. मला एकदम ऐंशीच्या दशकातली आमची फेरी आठवली.

सीमाभागातल्या मराठी माणसांना साथ द्यायला आम्ही रत्नागिरीहून शाळेतल्या कविता म्हणत निघालो. सीमेवर पोलिसांनी अडवलं. शेजारच्या तात्यांची बहीण पलीकडे दिलेली. त्यांनी रस्त्यातच नारळ ठेवून, देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, "बा सरकारा, बहिणीकडची वाट मोकळी कर रे!"

"होय महाराजा!" गाऱ्हाण्याला सगळ्यांनी द्यायची ती साद आम्ही ओरडलो. अडवणारा कोकणी हवालदारही ओरडला!

"मग सोड ना रे मेल्या!" तात्या म्हणाले. त्याने मान खाली घातली. वाट काही उघडली नाही.

तो हवालदार सवयीने ओरडला की मनापासून? आज टीव्हीवर मी वाट अडवणाऱ्या शिपायांचे ओठच बघत बसलो होतो. तुम्हाला कुणाचे हललेले दिसले का हो?