रंगाऱ्याची साक्ष

मेंढ्यांच्या पैदास केंद्रात त्याला सगळे रंगारी म्हणायचे. कुणी नवखा माणूस घराच्या भिंतीला कुठला रंग बरा दिसेल म्हणून त्याला विचारायला आला, की हा गडी न हसता सल्लाही देऊन टाकायचा. खरं तर भिंतीशी त्याचा कधीच संबंध आला नव्हता. त्याचं काम एडक्यांच्या छात्या रंगवायचं.

मेंढ्या माजावर यायचा हंगाम सुरू झाला की रोज सकाळी तो रंगाची पूड तेलात कालवायचा आणि प्रत्येक एडक्याच्या छातीला त्याचा वेगळा रंग चोळायचा. एडका कळपात सोडला, की ज्या मेंढीवर तो चढेल तिच्या पाठीला रंग लागे. दुसऱ्या दिवशी रंगारी वही घेऊन कळपातून फिरे आणि कुठल्या मेंढीला कुणाचा रंग लागला ते लिहून घेई. त्यावरून कोकरं कधी जन्मणार ते कळे. काम म्हणाल तर पोरखेळ, पण तीस वर्षांत त्याची नोंद एकदाही चुकली नाही, असं केंद्राचे साहेब आल्यागेल्याला सांगायचे. रंगाऱ्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि हे ऐकलं की रंगारी मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, काय विनयी माणूस आहे.

नोंद चुकत नव्हती हे खरं. पण सगळी होतही नव्हती.

दरवर्षी दोन-तीन एडके असे निघायचे, की ज्यांचा रंग एकाही मेंढीला लागलेला नसायचा. तो लागायचा दुसऱ्या एडक्याच्या पाठीला. मेंढी समोर येऊन उभी राहिली तरी हे ढुंकून बघायचे नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी रंगाऱ्याने ही गोष्ट भाबडेपणाने सगळ्या गड्यांना सांगितली. मग काय, आठवडाभर त्या एडक्यांची आणि सांगणाऱ्याची अशी टर उडाली की विचारू नका. एके दिवशी तर कुणीतरी त्याच्याच शर्टाच्या पाठीला लाल रंग फासला. तो तसाच बाजारातून घरी गेला. शर्ट धुताना बायकोने विचारलं तेव्हा त्याला कळलं, की वाटेत लोक का हसत होते.

त्या दिवसापासून तो शहाणा झाला, निदान त्याला तसं वाटलं. पहाटे साहेबांची फेरी व्हायच्या आत तो रॉकेलात भिजवलेलं फडकं घेऊन कळपात शिरायचा, एडक्याच्या पाठीवरचा रंग पुसायचा आणि ज्याचा तो रंग, त्याच्या नावापुढे वहीत एकच शब्द लिहायचा, ‘गार’. गार एडका पैदाशीला निकामी. हंगाम संपला की तो ट्रकमध्ये चढायचा आणि परत यायचा नाही. रंगाऱ्याने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

घरात मात्र त्याचा मान मोठा. वडील एकेकाळचे पोस्टमन, बोलायला कमी. रंगारी थोरला, मधली बहीण, आणि त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान असलेला धाकटा. आई लवकर गेल्यामुळे धाकट्याला त्यानेच खांद्यावर बसवून शाळेत नेलं, नाक पुसलं, गणितं करून घेतली. धाकटा मोठा झाला, शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकला आणि एका मित्राबरोबर त्याने दुकान टाकलं. आणि नऊ वर्षांपूर्वी एके दुपारी घरी येऊन त्याने सांगितलं, की मी लग्न करणार नाही, आम्ही दोघं एकत्र राहणार आहोत, आणि नुसते मित्र म्हणून नाही.

घरात जे व्हायचं ते झालं. काका धावत आले, बहीण आली, मेहुणे आले. समोरच्या खोलीत चहाचे कप हातात घेऊन सगळे बसले आणि काकांनी तोंडाचा पट्टा सोडला. अर्धा तास ते एकटेच बोलत होते. शेवटी म्हणाले, “अरे, जनावरंसुद्धा असलं करत नाहीत.”

वडील इतका वेळ खाली बघत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि थोरल्याला विचारलं, “तू सगळा जन्म जनावरांत काढलास. काका म्हणतो ते खरं आहे का?”

सगळे रंगाऱ्याकडे बघायला लागले. धाकटाही बघत होता. रंगाऱ्याला त्या क्षणी ना धाकटा आठवला, ना एडके. आठवला तो लाल रंग फासलेला शर्ट आणि बाजारातलं हसू. हा माणूस तेव्हा पन्नाशीला टेकलेला होता, बरं का. घरात दोन लेकी होत्या. आणि तरी तो घाबरला.

“खरं आहे,” तो म्हणाला. “माझ्या तरी पाहण्यात नाही.”

काकांनी मांडीवर थाप मारली. धाकटा उठला, आपला कप आत नेऊन विसळून पालथा घातला, आणि निघून गेला. त्यानंतर तो त्या घरात आला नाही.

रंगाऱ्याने स्वतःची समजूत घातली, की आपण वडिलांसाठी बोललो. म्हाताऱ्या माणसाला तेच ऐकायचं होतं. मनाची असली समजूत घालणं त्याला छान जमायचं, हातात फडकंच होतं ना.

या हंगामात केंद्रावर नवी डॉक्टरीण आली. चष्मा लावलेली, पोरसवदा, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी हजर. तिसऱ्याच दिवशी तिने रंगाऱ्याला पकडलं. एका एडक्याला गुडघ्यात धरून तो त्याच्या पाठीवरचा निळा रंग पुसत होता.

“थांबा,” ती कुंपणापलीकडून म्हणाली. “पुसू नका. मी तेच शोधायला आले आहे. असे किती पाहिलेत तुम्ही?”

रंगाऱ्याने फडकं पाठीमागे लपवलं. पण बाई हसत नव्हती. ती पेन काढून उभी होती. मग तो बोलत गेला. दरवर्षी दोन-तीन तरी. आजारी नसतात, खाणंपिणं उत्तम, अंगाने इतरांसारखेच. एक जोडी तर सगळा हंगाम एकमेकांना सोडून चरायला गेली नव्हती. बाई भराभरा लिहीत होती.

“इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं कसं नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही,” तो म्हणाला, आणि त्याची जीभ अडखळली. विचारलं होतं. चारचौघांत, नाव घेऊन, स्वच्छ शब्दांत विचारलं होतं. एका परक्या बाईला जे त्याने कुंपणाला टेकून सांगून टाकलं, ते पोटच्या पोरासारख्या भावासाठी त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याची नोंद चुकली, एकाच मेंढीपुढे त्याने दोन एडके लिहिले.

रविवारी तो धाकट्याच्या दुकानात गेला. धाकटा एका उघड्या मशीनवर वाकला होता. त्याच्या जोडीदाराला गल्लीत सगळे भागीदार म्हणायचे. त्याने उठून स्टूल पुसलं, रंगाऱ्यापुढे सरकवलं आणि चहा टाकतो म्हणून आत गेला. नऊ वर्षांनी येणाऱ्या माणसाशी याहून बरं कुणी काय वागेल. रंगाऱ्याला ते स्टूल टोचायला लागलं.

“मी त्या दिवशी खोटं बोललो,” त्याने एका दमात सांगितलं. “एडके करतात तसं. दरवर्षी पाहतो मी.”

“माहीत आहे,” धाकटा म्हणाला.

“तुला कसं माहीत?”

“दादा, शाळेच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर केंद्रावर यायचो. फडकं माझ्याच हातात असायचं. मी तुला विचारलं होतं, याच्या पाठीला रंग कसा. तू म्हणालास, त्याला एडक्याचीच सोबत आवडते, असतात असे, पूस आणि गप्प बस.”

रंगाऱ्याला आठवलं. अगदी ते शब्द आठवले.

“मग सगळ्यांपुढे बोलला का नाहीस?”

“तुला खोटं पाडू? काकांसमोर?” धाकट्याने स्क्रू बशीत ठेवला. “आणि एडके करतात म्हणून मी बरोबर, असं काही माझं म्हणणं नव्हतं. एडके टकरा घेऊन एकमेकांची डोकीपण फोडतात. मला एडक्यांची साक्ष काय करायची होती? तुझी हवी होती.”

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. रंगाऱ्याने डोळे पुसले नाहीत. पुसायची लाज वाटली.

“आता काय करू मी?”

“मला सांगून उपयोग नाही. ज्यांना खोटं सांगितलंस, त्यांना खरं सांग.”

काका केव्हाच वारले होते. बहीण-मेहुण्यांना तर काय बोलणं झालं तेही आठवत नसणार. राहिले वडील. संध्याकाळी तो त्यांच्याकडे गेला तेव्हा ते त्याच खोलीत, खिडकीपाशी, भिंग घेऊन पेपर वाचत बसले होते. दर रविवारी रंगारी त्यांना बूट घालून फिरायला न्यायचा. आज तो समोर बसला आणि सगळं बोलला. शर्ट, फडकं, वहीतला ‘गार’ शब्द, काही राखून ठेवलं नाही.

वडिलांनी पेपरची घडी घातली.

“मी त्या दिवशी तुला का विचारलं असेल?”

“काका म्हणतात त्याची खात्री करायला.”

“काकाला गप्प करायला,” वडील म्हणाले. “मला वाटलं, तू म्हणशील, करतात जनावरंही, त्यात काय. तुझा शब्द कुणी मोडला नसता. पोरगा घरात राहिला असता. माझ्यात बोलायची हिंमत नव्हती, म्हणून तुझ्याकडे बघितलं.”

रंगाऱ्याला वाटलं, यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नऊ वर्षं तो ज्यांच्या नावावर ते खोटं खपवत होता, त्यांना ते नकोच होतं.

“मला त्याच्याकडे घेऊन चल,” वडील म्हणाले.

रंगारी सवयीने खाली बसला आणि त्याने बूट पुढे केले. वडिलांनी पाय मागे घेतला.

“राहू दे. मी घालतो.”

ते वाकले. नाडी दोनदा सुटली. रंगारी दार धरून उभा होता, आणि पुन्हा खाली वाकायचा त्याला धीर झाला नाही.