बाबनी पेंटरचा रशियन

आमच्या पाळी गावच्या नाटक मंडळीत चार माणसं जमली की नाटक राहतं बाजूला, किस्सेच निघतात. त्यातले निम्मे बाबनी पेंटरचे! पडदे रंगवणं हा त्याचा धंदा आणि एक रशियन चित्रकार हे त्याचं वेड.

*

गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती. पणजीच्या फूटपाथवर बाबनीला एक जाडजूड पुस्तक मिळालं. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा रशियनाची चित्रं. नुसती झाडं, नद्या, आभाळ! लिपी रशियन, त्यामुळे सालाचे आकडे तेवढे कळले, नावसुद्धा कळेना. बाबनीनं चित्रं बघूनच त्याचं चरित्र रचलं.

“हय बघ, ऊन कसलां पडलां! लगीन झालां तेचा.” पान उलटायचं. काळवंडलेलं आभाळ. “आवस गेली रे बिचाऱ्याची, पोरको झालो.” हे सांगताना तो डोक्यावरची टोपी काढायचा.

बायको आतून ओरडायची, “तो रशियन जेवलो आसतलो! तुमी कदी जेवतलास?”

*

वनवासाच्या प्रवेशासाठी त्यानं जंगलाचा नवा पडदा दिला. उलगडून बघतो तर पांढऱ्या खोडांची झाडं आणि खाली बर्फ! आमचा राम उघड्या अंगानं समोर उभा. म्हणाला, “बाबनी, माका एक स्वेटर तरी रंगव रे!”

पण खरं सांगू? पेट्रोमॅक्सच्या उजेडात तो बर्फ असा काही दिसायचा की मी बघतच राहायचो आणि माझे संवाद चुकायचे.

*

मग खाणीनं आमची टेकडी धरली. दर्शनी पडद्यावर, म्हणजे नाटकाआधी लोकांसमोर असतो त्या पडद्यावर, ती संपायच्या आत उतरवायचीच असं बाबनीनं ठरवलं. रोज सकाळी कागद घेऊन समोर बसायचा. पण काल काढलेली कड आज गायब!

“रशियन नशीबवान रे,” मला म्हणाला. “तेच्या झाडांक घाई नव्हती.” जीव नुसता कासावीस झाला होता त्याचा.

एकदा तर मशीनसमोरच जाऊन ओरडला, “जरा सावकाश! डावी बाजू काढूची रवली हा!”

मशीनवाला सावंतवाडीकडचा. त्यानं इंजिन बंद केलं. “पेंटरानू, मी चाय पिऊन येतंय. तवसर काढा.” आणि चांगला तासभर चहा पीत बसला!

*

जत्रेला तो पडदा लागला तेव्हा टेकडीच्या जागी खड्डा होता. मी राजाच्या वेषात मागे उभा. नांदी झाली. बाबनीनं दोरी ओढली, पडदा हातभर वर गेला आणि लोक ओरडले, “नको, नको! वर काढू नुकात!”

मला वाटलं, झालं भांडण! फटीतून बघितलं. बायका उठून रंगमंचापाशी आल्या होत्या. “ती बघ आमची काजीची बाग!” “आणि ती माझ्या म्हायेरची वाट!” कुणी पोरांना बोटानं दाखवत होतं, कुणी रडत होतं.

बाबनीनं पडदा खाली सोडला. दोरी खांबाला पक्की बांधली.

“राजानू, मुकुट काढा,” मला म्हणाला. “नाटक उद्या.”