रांगेची दोन टोकं

माझे मेहुणे शिंपी. दुकानात कमी बोलत, कारण तोंडात टाचण्या असत. सुट्टीच्या दिवशी टाचण्या डबीत ठेवून आम्हा दहा-बारा जणांना डोंगरावर नेत, तेव्हाही फारसं बोलत नसत. सगळे त्यांना कप्तान म्हणत. मी एकटा दाजी म्हणायचो. मला लिहिण्याची सवय नाही, जमेल तसं सांगतो.

आमचा नियम एकच. पुढे दाजी, सगळ्यात मागे त्यांची बायको, म्हणजे माझी ताई, बाकीचे मधे. दाजींच्या पुढे कुणी जायचं नाही आणि ताईच्या मागे कुणी राहायचं नाही. झाडी दाट, वाट एका माणसापुरती, पण या नियमामुळे कधी कुणी चुकलं नव्हतं. नवरा-बायको मात्र घरून बरोबर निघत, पायथ्याशी वेगळे होत आणि थेट माथ्यावर भेटत. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्यांनाही नाही.

मग चौकातले मेडिकलवाले आमच्यात आले. बायको वारलेली, अंगानं जड, चार पावलांत धाप लागायची. साहजिकच ते मागे राहिले, म्हणजे ताईबरोबर. आणि माणूस बोलका. पहिल्याच चढणीला मागून ताईचं हसणं ऐकू आलं. ती लहानपणापासून मोठ्यानं हसते. दाजींची मान किंचित वळली आणि परत सरळ झाली.

पूर्वी माथा येईपर्यंत दाजी कुणाला टेकू देत नसत. त्या दिवशी प्रत्येक वळणावर म्हणू लागले, "पाणी प्या."

"कप्तान, आत्ताच तर प्यायलो," आमच्यातला गॅरेजवाला म्हणाला. "पोटात तळं झालंय."

"मागचे येऊ देत."

मागचे येत. मेडिकलवाल्यांचा चेहरा घामानं डबडबलेला, ताईचा खुललेला.

"एवढं काय हसण्यासारखं?" दाजी विचारत.

"काही नाही हो, असंच."

हे 'असंच' दाजींना फार लागलं.

त्याच आठवड्यात मेडिकलवाले पँट शिवायला टाकायला आले. मी दुकानात बसलो होतो. दाजींनी कमरेला टेप लावली.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

ते गेल्यावर दाजी बऱ्याच दिवसांनी हसले. "कंबर पाहिलीस का? दोन माणसांचं कापड लागणार." पण कापड कापलं नाही, फळीवर सगळ्यात खाली सरकवून ठेवलं. दोन दिवसांनी ताईनं जेवताना सहज विचारलं, "त्यांची पँट झाली का हो?"

"तुला कसली घाई?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं.

पुढच्या वेळी दाजींचे पाय पुढे चालत होते आणि कान मागे. डोंगरावर एका मोठ्या खडकापाशी वाट फुटते. उजवी माथ्यावर जाते, डावी ओढ्यात उतरते. ते खडकापाशी आले आणि नेमकं तेव्हाच ताई हसली. दाजी डावीकडे वळले. त्यांच्यामागे आम्ही सगळे. ओढ्याच्या काठावर वाट संपली.

"कप्तान, आता पोहायचं का?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं. एकमेकांना ओलांडून जायला जागा नव्हती. सगळे जागच्या जागी वळले आणि रांग उलटी झाली. आता सर्वांत पुढे ताई, तिच्या मागे मेडिकलवाले. शेवटी मी, आणि माझ्यामागे दाजी.

"काय बोलतायत रे ते?"

"इथून कसं कळणार, दाजी?"

"तुझे कान तरणे आहेत."

"मी तुमच्याहून दोनच वर्षांनी लहान आहे."

खडकापाशी परत आल्यावर सगळे आपापल्या जागी जाऊ लागले. दाजी हलले नाहीत.

"आता मेडिकलवाले पुढे चालतील," ते म्हणाले.

"मी?" मेडिकलवाले धापा टाकत होते. "मला वाट कुठे माहीत?"

"गॅरेजवाला सांगेल. सगळ्यात हळू चालणारा पुढे असला की कुणी मागे पडत नाही."

"वा, कप्तान," गॅरेजवाला म्हणाला, "हे आधी का नाही सुचलं?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

"आणि तुम्ही?" ताईनं विचारलं.

"मागेही कुणीतरी जाणतं हवं."

"मी आहे की."

"मग दोघं राहू."

रांग बैलगाडीच्या चालीनं निघाली. माझ्यामागे ते दोघं.

"अहो, काहीतरी बोला की," ताई म्हणाली.

"ते काय सांगत होते एवढं?"

"त्यांच्या बायकोचं. चढण आली की ती वाटेतल्या झाडांनासुद्धा शिव्या घालायची म्हणे. ते नक्कल छान करतात."

"आणि तू काय सांगत होतीस?" दाजींनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

"काय सांगणार? इतकी वर्षं डोंगरावर येतोय, मला तुमची पाठसुद्धा कधी दिसली नाही."

हे ऐकून मी पाय उचलला आणि पुढच्या माणसाला जाऊन चिकटलो. तरी दाजींचा आवाज येत होता. हळू, अडखळत, पण थांबत नव्हता. 'असंच' आणि 'पँट' एवढे दोनच शब्द कळले. ताई एकदाही हसली नाही. शेवटी ती म्हणाली, "मग हे तेव्हाच का नाही बोललात?"